बिनदाव्याचा माणूस

ओरखडा कोणी काढला ते ओरखडाच सांगतो, असं तो म्हणायचा, आणि त्यात फुशारकी फारशी नव्हती. विमा कंपनीचा सर्व्हेअर होता तो. दिवसभर या गॅरेजातून त्या गॅरेजात हिंडायचा, गाड्यांपाशी उकिडवा बसायचा, पोच्यावरून बोटाचं पेर फिरवायचा आणि मालकाला शांतपणे सांगायचा की साहेब, तुम्ही म्हणता टेम्पो घासून गेला, पण हा तर तुमच्याच फाटकाचा खांब दिसतोय. मालक आधी चिडायचा, मग हसायचा, मग शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे बघायचा.

भरपाई ठरवताना घसारा वजा करावा लागतो. म्हणजे वस्तू वापरून जुनी झाली, तेवढी तिची किंमत कापायची. बाकीचे सर्व्हेअरही कापतात, पण त्यांना कापताना निदान वाईट तरी वाटतं. हा गोडीने कापायचा. बंपरचा कापायचा, आरशाचा कापायचा, दाराच्या रबरी पट्टीचाही कापायचा. म्हणून गॅरेजवाल्यांनी त्याचं नाव घसारे ठेवलं होतं. 'घसारेसाहेब आले' असं कोणी म्हटलं की नवखा माणूस ते आडनावच समजायचा. घरातही त्याचा हात चालूच असायचा. कोणाचं कौतुक कानावर आलं की तो मनातल्या मनात थोडं कापून मगच आत घ्यायचा. स्वतःचं कौतुक तेवढं पूर्ण रकमेने जमा.

त्याची स्वतःची गाडी राखाडी रंगाची होती आणि तिच्यावर कधी एक दावा लागलेला नव्हता. वर्षभर दावा केला नाही की पुढच्या हप्त्यात सूट मिळते, तिला नो क्लेम बोनस म्हणतात. घसाऱ्यांची सूट वाढत वाढत जिथवर वाढते तिथवर पोचून बसली होती. सूट तशी फार मोठी नसते. पण काही लोक जसे 'आमच्या घराण्यात कोणी कोर्टाची पायरी चढलं नाही' असं सांगतात, तसा तो 'आपला नो क्लेम आहे' असं सांगायचा. गाडी अरुंद गल्लीत घालायचा नाही, झाडाखाली लावायचा नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही.

दुसऱ्यात बायकोही आली. तिने एकदा विचारलं होतं, मला शिकवता का गाडी म्हणून. त्याने नाही म्हटलंच नाही. त्याने तिला समजावून सांगितलं. शिकाऊ माणूस पहिल्या वर्षात गाडी कुठे ना कुठे ठोकतोच, हे आपण रोज बघतो, आणि मग इतक्या वर्षांचा नो क्लेम एका दुपारी जायचा. ती 'बरं' म्हणाली. दावा निकाली निघाला असं त्याने धरलं आणि विषय बंद केला.

आता साडूचं.

साडू हे नातं मोठं चमत्कारिक. रक्ताचं नाही, मैत्रीचं असेलच असं नाही. एकाच परीक्षेला बसलेले दोन विद्यार्थी, एवढाच काय तो संबंध, आणि घसाऱ्यांच्या बाबतीत निकाल दर शनिवारी लागायचा, कारण दर शनिवारी दुपारचं जेवण मोठ्या मेहुणीकडे असायचं. तिचा नवरा दातांचा डॉक्टर. उंच, सडसडीत, डोक्यावर सगळे केस. चांगली चालती गाडी या माणसाने विकून टाकली होती आणि निळी सायकल घेतली होती. दवाखान्यात सायकलवर जायचा, सायकलवर यायचा, आणि शिट्टी वाजवायचा. गाड्यांच्या रांगेत घसारे स्टिअरिंगवर बोटं आपटत बसलेला असताना कडेने निळं काहीतरी सरकन निघून जायचं आणि शिट्टी ऐकू यायची. प्रत्येक वेळी तो साडूच असेल असं नाही, पण घसारे ते साडूच्याच नावावर टाकायचा.

त्याला हेवा कशाकशाचा वाटायचा? पोटाचा, म्हणजे साडूला नसलेल्या पोटाचा. गाडी कुठे लावू या विवंचनेचा, तीही साडूला नव्हती. विम्याच्या हप्त्याचा तर फारच, कारण साडू एक पैचा हप्ता भरत नव्हता आणि तरी त्याच रस्त्यावरून ऐटीत जात होता. आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे खरं तर सगळ्यात आधी, बायकोच्या हसण्याचा. घरी ती नाकातून हसायची, हुं इतकंच. साडूच्या जेवणाच्या टेबलावर मान मागे टाकून हसायची. दातांच्या डॉक्टरसमोर तोंड उघडायला माणसं घाबरतात. ही दाढा दिसेपर्यंत हसायची. सगळ्या माहेरात तिला धाकटी म्हणत, आणि तिथे गेलं की ती खरोखरच धाकटी होऊन जायची. घसाऱ्याची स्वतःची उजवी दाढ कित्येक महिने ठणकत होती. तो डावीकडून जेवायचा, पण साडूसमोर तोंड उघडायचा नाही.

एका शनिवारी विषय निघाला, म्हणजे त्यानेच काढला. सायकलवाल्यांनाही विमा सक्तीचा हवा, असं तो म्हणाला. सायकलवाला येतो, आरसा उडवतो, दाराला घासतो आणि निघून जातो. ना नंबर, ना कागद. मग गाडीवाल्याने स्वतःच्या विम्यातून भरून घ्यायचं आणि नो क्लेमवर पाणी सोडायचं. रस्ता सगळ्यांचा, तर भरपाई एकट्याची का? साडूने ऐकून घेतलं आणि विचारलं की माझ्या सायकलने तुमच्या गाडीला किती लागेल आणि तुमच्या गाडीने मला किती लागेल, याचा एकदा अंदाज काढा. तुमचं कामच आहे ते. घसारे म्हणाला, प्रश्न लागण्याचा नाही, न्यायाचा आहे. मी जन्मभर भरतोय, एकदाही घेतलं नाही. माझ्या पैशांतून कोणाकोणाचे पोचे निघतात.

"मग एकदा तुम्हीही करा की दावा," बायको म्हणाली. "कसलाही करा. एकदा तरी काही मागून बघा."

सगळे हसले. मेहुणीच्या हातातलं पातेलं हललं. साडू सगळ्यात कमी हसला, आणि तेच घसाऱ्याला सगळ्यात जास्त लागलं. जिंकलेला माणूस असंच हसतो.

त्यानंतर बायकोच्या बाबतीत काही बारीकसारीक गोष्टी त्याच्या नजरेला येऊ लागल्या. नजरच तशी पडली, तिला सुट्टी माहीत नाही. तिच्या विजारीच्या उजव्या पायाशी काळा तेलकट डाग होता. विचारलं तर म्हणाली, दाराच्या बिजागरीचा. नडगीवर हिरवट पडत चाललेलं एक लागलेलं होतं. म्हणाली, स्टुलाचा कोपरा. दोन्ही उत्तरं ताबडतोब आली होती, आणि ताबडतोब येणाऱ्या उत्तरांबद्दल त्याचं धंद्यातलं मत काय होतं ते सांगायला नको. शिवाय तिला झोप गाढ लागायला लागली होती. भांडी घासताना ती काहीतरी गुणगुणायची. एकदा तर ती शिट्टी वाजवायचा प्रयत्न करत होती. त्याची चाहूल लागताच तिने ओठ पुसल्यासारखं केलं.

त्याने हे सगळं मनात ओळीने मांडलं, पण खाली बेरीज केली नाही. काही बेरजा न केलेल्याच बऱ्या असतात.

पुढच्या शनिवारी नेहमीसारखं जेवण झालं. जेवणानंतर घसारे बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपायचा, हे ठरलेलं. खिडकीला लागून सोफा, खिडकीबाहेर बंद गल्ली, आणि गल्लीत भिंतीला धरून त्याची गाडी, म्हणजे डोळा उघडला की आधी गाडी दिसावी. त्याचं घोरणं सुरू झालं की घरात सगळे मोकळे होतात, असं मेहुणी त्याच्या तोंडावर म्हणायची. त्याला तो कौतुकाचा प्रकार वाटायचा. त्या दिवशी संध्याकाळी निघताना तो सवयीने गाडीभोवती फिरला, आणि मागच्या दारापाशी थांबला.

दारावर लांब ओरखडा होता आणि ओरखड्यात निळा रंग बसलेला होता.

तो उकिडवा बसला नाही. पेरही फिरवलं नाही. त्याची गरज नव्हती. तिथून हाताच्या अंतरावर, भिंतीला टेकून, निळी सायकल उभी होती आणि तिच्या हँडलच्या निळ्या टोकाला राखाडी पूड लागलेली होती. इतका स्वच्छ पुरावा त्याला नोकरीत कधी मिळाला नव्हता. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला वाईट वाटलं नाही. पोटातून काहीतरी गरम गरम वर आलं, आणि तो आनंद होता.

त्याने सगळ्यांना बाहेर बोलावलं. आवाज चढवला नाही. चढवायची वेळ येते ती पुरावा कच्चा असला तर. त्याने बोट ओरखड्यावर ठेवलं, मग सायकलवर ठेवलं आणि साडूकडे बघितलं.

साडूने ओरखडा बघितला. मग बघायला नको तितका वेळ तो ओरखड्याकडेच बघत राहिला. "माझीच आहे सायकल," तो म्हणाला. "म्हणजे माझ्याकडूनच झालं. काय खर्च येईल तो मी देतो."

घसारे म्हणाला, खर्चाचं सोडा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दावा लावावा लागणार, माझा नो क्लेम जाणार, आणि तो परत द्यायला तुमच्याकडे काही नाही. ज्याला विमा नाही त्याच्या हातून झालं, की जो विमा भरतो त्यालाच शिक्षा. मी टेबलावर हेच बोलत होतो, तेव्हा सगळे हसत होते. हे सगळं तो साडूला उद्देशून बोलला आणि शेवटी पावती घ्यावी तसा बायकोकडे वळला.

बायको साडूकडे बघत होती. नजर फार वेळ नव्हती, पाखराने पाण्याला टेकून उडावं इतकीच. मग तिने खाली बघितलं आणि डाव्या हाताने उजवा हात झाकून घेतला.

परतीच्या रस्त्यात ती बोलली नाही. जिंकून येणाऱ्या माणसाच्या गाडीत एवढी शांतता असू नये. सिग्नलला थांबल्यावर त्याने एकदा म्हणून बघितलं, "बोल ना काही."

"दावा लावणार म्हणालात ना," ती म्हणाली. "लावा."

सोमवारी तो गाडी घेऊन ओळखीच्या गॅरेजात गेला. तिथला डेंटर, पत्रे ठोकून पोचे काढणारा, बरीच वर्षं घसाऱ्याच्या कात्रीखालून गेलेला माणूस होता. घसारेसाहेबांच्याच गाडीला ओरखडा पडलेला बघून त्याचा चेहरा उजळला. तो त्याने सभ्यपणे कपड्याने पुसला आणि विचारलं, कोणी केलं. साडूने, असं घसारे म्हणाला. साडू काय करतात? दातांचे डॉक्टर आहेत. डेंटर म्हणाला, म्हणजे आमच्याच धंद्यातले, फक्त ते भूल देऊन करतात. आणि मोठा दिवा दाराजवळ ओढून पाणी प्यायला गेला.

दिव्याच्या उजेडात घसारे उकिडवा बसला. आता मात्र पेर फिरवलं, कारण दाव्यात वर्णन लिहावं लागतं आणि वर्णन तो कोणावर सोपवत नसे. पेर ओरखड्यावरून गेलं आणि अडखळलं.

ओरखडा सरळ नव्हता. सुरुवात खोल, मग उथळ, मग परत खोल, मग वर चढून खाली आलेला. जन्मभर सायकल चालवणारा माणूस घासला तर एक रेघ मारून पुढे जातो. हा ओरखडा आधी घाबरला होता, मग सावरला होता, मग परत घाबरला होता. असले ओरखडे त्याने शेकड्याने बघितले होते, त्यांना ऑफिसात शिकाऊ ओरखडे म्हणत.

आणि त्याच्या वर, दाराच्या काचेखालच्या पट्टीवर, अजून काहीतरी होतं. संध्याकाळच्या उजेडात ते दिसलं नव्हतं. तीन बारीक रेघा, जवळजवळ, एका मापाच्या. कोणीतरी पडता पडता हात टेकला होता आणि हात खाली घसरला होता.

त्या तीन रेघा त्याच्या ओळखीच्या होत्या. त्या त्याच्या टॉवेलवर होत्या, उशीच्या अभ्र्यावर होत्या, त्याच्या दोन चांगल्या शर्टांच्या पाठीवर होत्या. लग्नात त्याने बायकोला खड्याची अंगठी दिली होती. खडा कधीच निसटला होता. नवीन बसवून आणतो असं तो म्हणाला होता, आणि खड्याला धरणारी तीन नखं तेवढी उघडी राहिली होती. ती तशीच अंगठी उजव्या हातात घालायची, आणि ती कशातही अडकायची. साडूच्या हातात अंगठी नव्हती. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालणाऱ्या माणसाच्या हातात अंगठी नसतेच.

घसारे उकिडवाच बसून राहिला. न केलेली बेरीज आपोआप होत गेली. विजारीचा डाग बिजागरीचा नव्हता, साखळीचा होता. नडगीला लागलं ते स्टूल नव्हतं, पेडल होतं. शनिवारी दुपारी तो घोरायला लागला की घर मोकळं व्हायचं, म्हणजे काय व्हायचं, ते आता त्याला दिसलं. बंद गल्ली, सायकलवर त्याची बायको, आणि मागून सीटला हात लावून धावणारा उंच माणूस. ती मान मागे टाकून हसतेय, आणि तो म्हणतोय सरळ बघ, सरळ. आणि खिडकीच्या आत सोफ्यावर एक माणूस, तोंड उघडं टाकून.

विम्याच्या भाषेत तीन पक्ष असतात. विमा घेणारा पहिला, कंपनी दुसरा, आणि ज्याचा या दोघांशी काही संबंध नाही तो तिऱ्हाईत, तिसरा. घरातलं माणूस तिसरा पक्ष होऊ शकत नाही, हे तो लोकांना नेहमी समजावून सांगायचा. इतके दिवस त्याने साडूला तिसऱ्या जागी बसवलं होतं. आता त्याने पुन्हा मोजलं, तर त्या गल्लीत दोघंच होते आणि तिसरा तो स्वतः होता.

डेंटर पाणी पिऊन आला आणि रेघा बघून म्हणाला, मांजर असेल. घसारे म्हणाला, काम सुरू करू नका अजून.

घरी तो काही बोलला नाही. बोलायला तोंडही नव्हतं, कारण त्या रात्रीपासून दाढेने उचल खाल्ली आणि सकाळी गाल पुरीसारखा फुगला. एका दृष्टीने ते सोयीचंच झालं. जायला कारण मिळालं. दवाखान्यापर्यंतच्या वाटेत त्याने पहिलं वाक्य घोटून घोटून पाठ केलं. 'ओरखडा तुमचा नाही.' एवढं म्हणायचं आणि समोरच्याचा चेहरा बघायचा. पुढचं पुढे.

पण खुर्चीत बसवल्यावर डॉक्टर माणसाला बोलू देत नाहीत. साडूने तोंड उघडायला लावलं, आत बघितलं, जिभेने च्च केलं आणि ही दाढ इतके महिने कोणासाठी राखून ठेवली होती असं विचारत सुई टोचली. थोडा वेळ बधिर होऊ द्या, म्हणाला. घसाऱ्याने लगेच वाक्य काढलं, पण तोवर जिभेची गादी झाली होती.

"ओखहा हुमहा आही," तो म्हणाला.

दातांच्या डॉक्टरांना ही भाषा येते. साडू हात धूत होता, तो तसाच पाठमोरा म्हणाला, "नाही. माझा नाही."

मग तो आला, स्टुलावर बसला, दिवा ओढला आणि अवजारं मांडता मांडता बोलायला लागला. आवाज अगदी दाढेबद्दल बोलावं तसा.

"अंगठीवरून ओळखलंत ना? मी तिला तेव्हाच म्हटलं, धाकटे, लांब रेघ मी माझ्या नावावर घेतो, पण ही तीन नखं कोणाच्या नावावर घालू? तुम्ही ओळखणार हे ठरलेलं होतं. मला वाटलं होतं तिथेच ओळखाल. पण तुम्ही माझ्याकडे बघण्यात गुंतला होतात. मोठं करा तोंड."

घसाऱ्याने मोठं केलं.

"ती आधी तुमच्याकडेच आली होती. गाडी शिकवा म्हणून. मग माझ्याकडे आली, कारण माझ्या सायकलला नो क्लेम नाही. तुम्हाला सांगू म्हटलं, तर नको म्हणाली. ओरडाल म्हणून नव्हे. म्हणाली, ते हिशेब करतील."

घसाऱ्याच्या घशातून काहीतरी आवाज आला. साडू थांबला, दुखतंय का विचारलं, आणि नाही दुखत असं स्वतःच ठरवून पुढे गेला.

"आणि तुमच्या डोळ्यांसमोर काय आहे ते मला कळतं. सीट मी धरायचो, खरं आहे. पण त्या दिवशी सोडलं होतं. तिला न सांगता. पहिल्यांदा एकटी चालवत होती ती. आख्खी गल्ली मोकळी होती, साडूसाहेब, एक मांजर नव्हतं आडवं. पण शिकाऊ माणूस जिकडे बघतो तिकडेच जाऊन आदळतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं. ती बघत होती तुमच्या खिडकीकडे. तुम्ही उठलात का ते. आता भीतीने बघत होती की तुम्ही बघावं म्हणून बघत होती, ते मला विचारू नका. तेवढी पाहणी तुम्ही करा."

एवढं म्हणून त्याने दाढ काढली. दुखलं नाही. दुखायला हवं होतं, असं घसाऱ्याला उगीच वाटलं.

तोंडात कापूस धरून तो आधी गॅरेजात गेला आणि खुणेने गाडी मागितली. डेंटरने विचारलं, दाव्याचं काय. त्याने हात हलवला. ओरखडा? त्याने परत हात हलवला. डेंटरने सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल अशा बेताने विचारलं की घसारेसाहेब, घसारा कापून शिल्लक काहीच राहिलं नाही की काय. घसारे गाडीत बसला. नो क्लेम राहिला होता, आणि ओरखडाही.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याचा गाल बघून ती म्हणाली, गेलात एकदाचे. तो समोर बसला. जीभ अजून अर्धी परक्याची होती, तरी त्याने विचारलं.

"गाही हिकवू तुला?"

तिला पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं. तिने हातातली घडी मोडली आणि परत घातली. तिला काय काय कळलं ते तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक येऊन गेलं, आणि शेवटी जे थांबलं ती लाज नव्हती.

"आता नको गाडी," ती म्हणाली. "मला सायकल येते."

इतक्या वर्षांत या घरात तिने हा सूर लावलेला नव्हता. स्वतःच्या मालकीचं काही असलेल्या माणसाचा सूर होता तो. घसाऱ्याला त्या सायकलचा हेवा वाटला. मग सूर ज्याला आधी ऐकायला मिळाला असेल त्याचा वाटला. आणि मग त्याने जो प्रश्न विचारायचा नाही असं ठरवलं होतं तोच विचारला. सीट कोण धरतं?

"कोणी नाही. आता लागत नाही." तिने घडी बाजूला ठेवली. "पण थांबायला जमत नाही अजून. कोणीतरी पुढे उभं राहून धरावं लागतं." मग दोन्ही ओठ आत घेऊन, हसू बाहेर पडू नये अशा बेताने म्हणाली, "थांबवणं तुम्हाला चांगलं जमतं."

त्या शनिवारी जेवण झाल्यावर घसारे सोफ्याकडे गेला नाही. मेहुणीने बरं नाही का म्हणून विचारलं. तो बाही दुमडून गल्लीत जाऊन उभा राहिला. साडू पायरीवर बसला, हातात चहाचा कप.

लागत नाही म्हणाली होती, तरी घसाऱ्याने सीट धरलंच. धरलं म्हणजे विमा कंपनीने पैसे धरावेत तसं धरलं. ती पेडल मारू लागली, हा मागून धावू लागला, बूट आपटत, पोट सावरत. सायकल सरळच जात होती. वाकडी होत होती ती त्याच्या धरण्यामुळे.

"अहो, सोडा आता."

त्याने नाही सोडलं. सोडल्यावर ती कुठे बघेल हा प्रश्न होता.

"सोडा म्हणते ना. तुमच्यामुळे पडेन मी."

त्याने सोडलं. हात एकदम रिकामे झाले आणि निळी सायकल पुढे निघून गेली. राखाडी गाडी जागच्या जागी उभी होती, दारावरच्या ओरखड्यासकट. तिने गाडीकडे बघितलंच नाही, ती वीतभर अंतरावरून तिला ओलांडून गेली, गल्लीच्या टोकाला मोठं वळण घेतलं आणि परत आली. मान मागे, तोंड उघडं, दाढा दिसत होत्या. ती सरळ त्याच्याकडेच बघत होती. म्हणून सरळ त्याच्यावरच येत होती.

"धरा," ती ओरडली.

त्याने दोन्ही हातांनी हँडल धरलं. पेडल त्याच्या नडगीवर बसलं, अंगठीची नखं मनगटावर. कुठलाही विमा नसलेल्या सायकलस्वाराने त्याचं बऱ्यापैकी नुकसान केलं होतं. ती धापा टाकत होती आणि तिचं कपाळ त्याच्या खांद्याला टेकलं होतं, पडू नये म्हणून असेल, आणखी कशासाठी असेल. त्याची पाहणी नंतर करता आली असती. घसाऱ्याने आधी पायरीकडे बघितलं.

साडू उभा राहिला होता. ती ओरडली तेव्हाच उठला असावा. कप पायरीवर ठेवलेला, आणि उजवा हात पुढे आलेला, सीटच्या उंचीवर, पण तिथे धरायला काही नव्हतं. घसाऱ्याची नजर आपल्यावर आहे हे कळल्यावर त्याने तो हात मागे घेतला, खिशात घातला आणि शिट्टी वाजवायला ओठ गोल केले. शिट्टी वाजली नाही.

साडूच्या चेहऱ्यावर बारीकसाच ओरखडा होता. दुसऱ्या कोणाला दिसलाही नसता. घसाऱ्याने तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतला आणि घसारा न कापता पूर्ण मंजूर केला.